ससा ओरडत नाही

प्राथमिक शाळेत आम्हाला प्राण्यांच्या आवाजांची एक यादी पाठ करावी लागे. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो, कोल्हा कोल्हेकुई करतो. परीक्षेत 'जोड्या लावा' मध्ये यातला एखादा प्रश्न हमखास यायचा. त्या यादीत ससा कधी नसायचा. गोष्टींत होता, गाण्यांत होता, तक्त्यावर 'स' समोर तर तोच बसलेला असायचा. पण त्याच्या आवाजासाठी आपल्या भाषेने शब्द काही केला नाही.

तसा ससा अगदी मुका नसतो. जिवावर बेतलं की तो किंचाळतो, चिडला की गुरगुरल्यासारखं करतो, धोका वाटला की मागचा पाय दाणकन जमिनीवर आपटतो. पण दुखतंय, भूक मेली आहे, उकाड्याने जीव घाबरा झाला आहे, हे तो सांगत नाही. ज्याची सगळ्यांनी शिकार करावी अशा जातीत तो जन्मला आहे. आजारी दिसला तर आधी त्याच्यावरच झडप पडणार, म्हणून दुखणं लपवणं हीच त्याची संरक्षणाची रीत. घरी पहिल्यांदाच ससा आणणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट आधी पक्की ध्यानात ठेवावी, असं माझं मत झालं आहे.

हे मत व्हायला कारण बऱ्हाणपूर. माझी मेहुणी तिथे दिली आहे. मडगावला मंगला एक्सप्रेसमध्ये बसायचं, भुसावळला उतरायचं आणि तिथून पुढे तापीकाठच्या या गावी जायचं. राज्य मध्य प्रदेश, बाजारात हिंदी, पण कितीतरी घरांत अजून मराठी बोलली जाते. एकेकाळी ही मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी. १६३१ साली मुमताज महल इथेच वारली आणि ताजमहाल होण्याआधी तिला तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत दफन केलं होतं. तिथल्या आहूखान्याच्या नावातला 'आहू' म्हणजे फारसीत हरीण. बादशहांनी प्राणी पाळण्यासाठी अख्ख्या बागा राखल्या. आताच्या घरांत तेवढी जागा कुठली? तिथे जाळीचा एक पिंजरा येतो, तो जिन्याखाली ठेवला जातो आणि आत ससा असतो.

मेहुणीच्या घरी एका एप्रिल महिन्यात असे दोन पांढरे ससे आले. मुलीच्या वाढदिवसाची भेट. विकणाऱ्याने जाताना सांगितलं होतं, "कुछ नहीं करना पड़ता, पत्तागोभी डाल दो." मे महिना लागला आणि पारा ४४ अंशांवर गेला. एके दिवशी सकाळपासून त्यातला एक कोपऱ्यात अंग मिटून बसला होता. उन्हाने सुस्तावला असेल, असं सगळ्यांना वाटलं. संध्याकाळी पाहिलं तर तो गेलेला. मेहुणी फोनवर म्हणाली, "भाऊजी, त्याने ओरडायला तरी हवं होतं हो. आम्ही धावलो असतो." धावले असते, यात मला शंका नाही. माणसं प्रेमळ आहेत. पण आपलं प्रेम हाकेला ओ देणारं असतं, आणि ससा हाक मारत नाही.

मुळात हा प्राणी आपल्या मुलखातलाच नव्हे. आपल्या डोंगरांत, काजूच्या बागांत आणि पडीक शेतांत दिसतो तो रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात एखादा खळगा करून राहतो, आणि त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला धरून घरात ठेवणं हा गुन्हा. दुकानातला ससा वेगळा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो जमिनीखाली बिळं खणून कुटुंबकबिल्यासह राहणारा, आणि त्याची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपण मात्र दोघांनाही 'ससा' म्हणून मोकळे झालो. पोर्तुगीज भाषेत पाळीव सशाच्या या जातीला जो शब्द आहे, तो आपल्या शेजारीपाजारी आडनाव म्हणून नांदतो आहे: कुएल्हो! सिंहाला विहिरीत पाडणारा, आभाळ कोसळलं म्हणून पळणारा, शर्यतीत झोपणारा हे सगळे रानसशाचे अवतार. त्या गोष्टींवर वाढलेले आपण दुकानातून भलताच पाहुणा घरी आणतो आणि त्याला ओळखतो असं समजतो.

बिळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा, म्हणजेच खुनी भंडारा, म्हणून प्रसिद्ध असलेली मोगलकालीन पाणीव्यवस्था आहे. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलेलं, आणि वर ओळीने विहिरींसारख्या कुंड्या. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचं नाव गेलं. वर रणरणतं ऊन असताना खाली गारवा असतो, हे त्या कारागिरांना कळलं होतं. सशालाही ते उपजत कळतं. फक्त आपण त्याला खणायला जागा ठेवत नाही. पत्र्याखाली, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत पिंजरा टांगणं म्हणजे बिळात राहणाऱ्याला तव्यावर बसवणं.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. हिंदीतला 'खरगोश' हा शब्द मूळ फारसी, अर्थ गाढवाच्या कानांचा. फारसी बोलणाऱ्यांनी नेमका कान पाहिला. आपल्याकडच्या बालगीताने त्याला कापूस म्हणून टाकलं, आणि कापूस म्हटलं की आपण तो कुरवाळत बसतो. पंधरा ते पंचवीस अंशांत ससा सुखी असतो. तिशीच्या वर तो त्रासतो, पस्तिशीच्या पुढे जीव धोक्यात. कान तापलेले, तोंड उघडून श्वास, तोंडाशी लाळ, अंग सैल पडलेलं, असं दिसलं तर त्याला लगेच गार जागी न्यावं, साध्या गार पाण्याने कान ओले करावेत आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेच तो जातो. एरवीही त्याला आंघोळ घालायची नसते, तो स्वतःला मांजरासारखा चाटून स्वच्छ ठेवतो. आणि कान धरून उचलणं तर कधीच नको. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. अधांतरी राहिला की तो लाथा झाडतो आणि त्यात त्याचाच कणा मोडू शकतो.

मेहुणीच्या घरी मागे राहिलेल्या सशाचा मुक्काम आता खालच्या खोलीत आहे. दुपारी कूलर, ओली फरशी, आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, जिला टेकून महाराज पहुडतात. बऱ्हाणपूरच्या कोरड्या हवेत कूलर चालतो. आपल्या गोव्यात तो फक्त दमट हवेत भर घालील. आपल्याकडे भिंतीची सावली, वारा आणि जमिनीलगतची खोली हेच उपाय, आणि आपला खरा वैरी पावसाळा. जूननंतर गवताला बुरशी धरते, पिंजऱ्याचा तळ ओला राहतो, आणि मागची बाजू ओली-घाण राहिलेल्या सशाच्या अंगावर माश्या अंडी घालतात. एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. पावसाळ्यात रोज त्याला उलटसुलट तपासणं चुकवून चालत नाही.

आता खाणं. चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतं, म्हणून आपण गाजर देतो. गाजर गोड. ते बोटाच्या पेराएवढं, आठवड्यातून एक-दोनदा. सशाचं खरं अन्न गवत, आणि तेही वाळलेलं. रोजच्या आहारात साधारण ऐंशी टक्के तेच हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास. गवत चघळूनच ते झिजतात. झिजले नाहीत तर वाकडे होऊन तोंडात रुततात. त्याचं पोटही सतत चालतं राहावं लागतं, आणि ते चालवतो तो गवताचा चोथा. हरळी वाळवून ठेवली तरी काम भागतं. त्यावर मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला. नुसत्या कोबीवर ठेवलेल्या सशाचं पोट फुगतं. विकणाऱ्याचा सल्ला नेमका तोच होता! बऱ्हाणपूर जिल्हा केळ्यांचा, त्यामुळे तिथल्या मुलांचा हात आधी केळ्याकडे जातो. ससा ते आवडीने खातोही. पण आवडतं ते मानवतं असं नाही, हे मावा जलेबीच्या गावात वेगळं सांगायला नको. ससा आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, ते पाहून मात्र कोणी किळस मानू नये. गाय रवंथ करते तसंच ते आहे.

मी आयुष्यभर कचेरीत मस्टर सांभाळलेला माणूस. भाचीला म्हटलं, एक वही घाल. सकाळी गवत किती ठेवलं, संध्याकाळी किती उरलं. पाणी किती प्यायला. लेंड्या किती, मोठ्या की बारीक, की नाहीतच. महिन्यातून एकदा वजन. ती आधी हसली, "काका, हे काय ऑफिस आहे?" मग लिहू लागली. पुढच्या थंडीत एके सकाळी वहीत तिने लिहिलं, 'गवत तसंच. लेंड्या नाहीत.' ससा दिसायला नेहमीसारखाच बसलेला होता. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. बारा तास ससा काही खात नसेल तर ती घाईची वेळ समजावी. त्याचं आतडं थांबलं की दिवसाभरात खेळ संपतो, आणि त्याला उलटीही होऊ शकत नाही. मे महिन्यातल्या त्या सकाळी ही वही नव्हती.

दवाखान्याची गोष्टही सोपी नाही. आपले पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले, पुढे कुत्री-मांजरं आली. सशाचा अनुभव असलेला डॉक्टर लहान गावात सहज मिळत नाही. म्हणून ससा आणण्याआधी डॉक्टर शोधून ठेवावा. आणि घरातली उरलेली औषधं कधीही देऊ नयेत. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले उपयोगी जीवाणूच मरतात आणि ससा दगावतो.

इतकं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग ससा पाळूच नये का? पाळावा. माझा विरोध आहे तो ससा 'मुलांसाठी' आणण्याला. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. दुसरीतल्या मुलीला भेट दिलेला ससा ती बारावीची परीक्षा देताना घरात असणार आहे. तेव्हा गवत कोण आणणार? मूल प्रेम करील, वहीसुद्धा लिहील, पण जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर हवी. 'मुलांना प्राण्यांची माया लागावी' हा हेतू चांगला आहे. पण पिंजऱ्यातला प्राणी महिन्याभरात मेला आणि आठवड्याने दुसरा आणून दिला, तर मूल माया शिकत नाही. प्राणी बदलून मिळतो, एवढंच शिकतं.

दुसरं, जोडी. 'एकटा कंटाळेल' म्हणून विकणारा दोन देतो. ससा सोबतीचा प्राणी आहे हे खरंच. पण नर-मादी ओळखणं लहान वयात अवघड, मादी चार-सहा महिन्यांत वयात येते, महिनाभरात विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेची सोय होणार नसेल तर जोडी आणू नये. घरात पंधरा ससे झाले की माणसं त्यांना डोंगरात 'मोकळं' सोडतात. ती मोकळीक नव्हे. कुत्री आणि मुंगसं दोन रात्रींत निकाल लावतात. आणि जिथे असा ससा जगला, तिथे काय होतं तेही इतिहासात नमूद आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटावर एक मादी आणि तिची पिल्लं सोडली. काही वर्षांत सशांनी वसाहतवाल्यांची शेती खाऊन फस्त केली.

तिसरं, विक्री. २०१८ साली केंद्राने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. नियमांचं काय होतं ते मी कचेरीत बसून रोज बघतो. पण गिऱ्हाईक म्हणून आपण विचारू तर शकतो: नोंदणी आहे का, पिल्लाचं वय किती, आईपासून कधी तोडलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू 'छोट्या जातीचं' म्हणून गळ्यात मारलं जात असेल, तर पिंजरा कितीही गोजिरवाणा असला तरी परत फिरावं.

ससा आणायचाच असेल तर बऱ्हाणपुरात पावसाळा संपल्यावर आणावा, गोव्यात दिवाळीनंतर. नव्या घराची सवय व्हायला त्याला थंड दिवस मिळतात. आधी गवताची सोय करावी, मग डॉक्टरची, मग जागेची. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नको, त्याच्या तळव्यांना कुत्र्यासारखी गादी नसते. दिवसातून काही तास त्याला खोलीभर हिंडू द्यावं, विजेच्या वायरी आधी वर घ्याव्यात. आणि दोन रुपयांची का होईना, एक वही आणावी. ती पिंजऱ्याशेजारी खिळ्याला दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे घरातल्या कोणालाही लिहिता येईल.