टाळ्या आणि मतं

मुलांनो, सभेत टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला मत असतंच का? सांगा पाहू!

अमेरिकेत मिशिगन राज्यात वॉश्टनॉ नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या ॲन आर्बर शहरात मिशिगन विद्यापीठ आहे. १४ ऑक्टोबर १९६०. पहाटेचे दोन वाजलेले. अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी दमूनभागून तिथे पोचले, तर हजारो विद्यार्थी जागेच! केनेडींनी पायऱ्यांवरूनच विचारलं, घानासारख्या दूरच्या देशात जाऊन काम करायला तुमच्यातले किती जण तयार आहेत? केवढा जल्लोष झाला! (पुढे १९६१ साली 'पीस कोअर' ही संस्था निघाली, तिचं बीज याच प्रश्नात होतं.) केनेडी निवडूनही आले. पण या काउंटीत जास्त मतं पडली ती त्यांचे विरोधक रिचर्ड निक्सन यांना!

तेव्हा मतदानाचं वय होतं २१. जल्लोष करणाऱ्या पुष्कळांना मतच नव्हतं. ज्यांना होतं, त्यांनाही नोंदणीच्या वेळी अडवत, "तुमचं घर आईवडिलांच्या गावी, इथे कशाला?" आणि अठरा वर्षांच्या मुलाला व्हिएतनामच्या लढाईवर पाठवायचे, पण मत द्यायला मात्र तो लहान! हा कुठला न्याय? अखेर १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन वय १८ झालं. त्याच वर्षी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांना शिकण्याच्या गावी नाव नोंदवण्याची वाट मोकळी केली.

१९७२ मध्ये निक्सननी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, मिशिगनसुद्धा. वॉश्टनॉनं मात्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉर्ज मॅकगव्हर्नना पसंती दिली.

म्हणजे सगळं एका फटक्यात बदललं असं नाही हं. १९७६ मध्ये इथे रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड पुढे राहिले. ते याच विद्यापीठाचे विद्यार्थी, फुटबॉलच्या संघातले! १९८४ मध्ये रेगनही जिंकले. १९८८ पासून मात्र दर खेपेला डेमोक्रॅटिक पक्ष. विद्यापीठ, इस्पितळं, संशोधन यांमुळे पदवीधर माणसं इथे वसली, आणि देशभरातच असा वर्ग त्या पक्षाकडे झुकत गेला. २०२० मध्ये बायडन यांना इथे सुमारे ७२ टक्के मतं होती. तरी २०१६ आणि २०२४ मध्ये मिशिगन राज्य जिंकलं ते ट्रम्प यांनीच. एक काउंटी म्हणजे अख्खं राज्य थोडंच!

आपल्याकडेही १९८९ पासून अठराव्या वर्षी मत मिळतं. तुमचा दादा किंवा ताई बाहेरगावी शिकत असेल, तर त्यांना विचारा, मतदार यादीत तुमचं नाव कुठल्या गावी आहे?