नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मंडळी, आजचा लेख जेवताना वाचू नका. विषय आहे पाकोळीच्या, म्हणजे किडे खाणाऱ्या लहान वटवाघळाच्या, आतड्यातले चपटे कृमी!

यातले पर्णकृमी तिथे पोचतात कसे? पाकोळीच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात. पुढची वाढ गोगलगायीत होते. तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांत शिरतात. त्या किड्यांना पंख फुटतात, ते उडतात आणि पाकोळी त्यांना गट्ट करते. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत असे कृमी कमी सापडतात, ते यामुळेच. ओढा आटला, गोगलगाय गेली, की कृमीही संपला. म्हणजे हा कृमी त्या ओढ्याचा दाखलाच म्हणायचा. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तर पाण्याची किंमत कोणी कोणाला सांगायला नको.

म्हणून या कृमींना शोधून नावे द्यायलाच हवीत. पण नीट!

माशांतल्या पट्टकृमींचे उदाहरण घ्या. आपल्याकडच्या शिवड्यासारख्या माशांत गँगेसिया नावाचे पट्टकृमी असतात. या प्रजातीच्या आणि तिच्या जवळच्या आणखी एका प्रजातीच्या मिळून ४८ जाती भारत ते इंडोनेशिया या पट्ट्यातून नोंदल्या गेल्या होत्या. २०१२ साली परदेशी आणि भारतीय संशोधकांनी जुने नमुने आणि नव्याने गोळा केलेले कृमी तपासले. खऱ्या जाती निघाल्या फक्त चार! हजेरीपटात ४८ नावे आणि वर्गात मुले चार, असा प्रकार.

असे का होते? कृमी मऊ असतो. मेल्यावर आकसतो, काचेखाली दाबला की पसरतो. एकाच जातीचे दोन कृमी वेगळे दिसू शकतात. त्यात नव्या जातीला मान असतो, जुनी पुन्हा सापडली तर कोणी विचारत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. नमुना जपून ठेवला नाही तर शोध अर्धाच. पुढच्या माणसाला ताडून पाहता आले पाहिजे. २००० सालापासून प्राणिनामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही सांगतात, की नव्या जातीचा मूळ नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार, हे जाहीर करा. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आपल्या पुण्यातही आहे. तेव्हा 'ठेवू कुठे?' ही सबब चालणार नाही.

आणि एखाद्या विद्यार्थ्याने 'ही जात नवी नाही, जुनीच आहे' असे पुराव्याने दाखवले, तर त्यालाही तितकाच मान द्या. नाव ठेवणाऱ्याचे बारसे थाटात होते. चुकलेले नाव खोडणाऱ्याला मात्र आपण नावे ठेवतो.

तुम्हाला काय वाटते? जरूर कळवा.