विश्लेषण : ॲप फोनवर सुरळीत, तरी नवी आवृत्ती का बनत नाही? ‘लायब्ररी सापडली नाही’ या त्रुटीचा अर्थ काय?

अंधेरीच्या सीप्झपासून मालाड, गोरेगाव, पवई, मुलुंडपर्यंत मोबाइल ॲप बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या पसरल्या आहेत. त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी बनवून दिलेली अनेक ॲप ग्राहकांच्या फोनवर आजही बिनबोभाट चालतात. मात्र प्ले स्टोअरच्या नव्या नियमांमुळे तेच ॲप पुन्हा तयार करायला घेतले की पडद्यावर लाल अक्षरे उमटतात : ‘कुड नॉट फाइंड’. ॲपला लागणारी बाहेरची लायब्ररी जागेवर नाही, असा त्याचा अर्थ. ही लायब्ररी जाते कुठे, ती परत कशी मिळवायची आणि सामान्य वापरकर्त्याचा याच्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

लायब्ररी म्हणजे काय?

वडापावची गाडी लावणारा पाव स्वतः भाजत नाही. तो बेकरीतून येतो. ॲप बनवणाराही सगळे काही स्वतः लिहीत नाही. नकाशा दाखवणे, क्यूआर कोड वाचणे, छायाचित्र लहान करणे, पैसे भरण्याचा पडदा उघडणे अशा कामांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्राम वापरले जातात. त्यांनाच लायब्ररी म्हणतात. त्यातील बहुतेक मोफत असतात आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातील एखाद्या हौशी प्रोग्रामरने लिहिलेल्या असू शकतात.

प्रकल्पाच्या फाइलमध्ये लायब्ररीचे फक्त नाव आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. ॲप तयार करताना, म्हणजेच ‘बिल्ड’ करताना, ग्रेडलसारखे साधन इंटरनेटवरील ठरावीक कोठारांतून ती लायब्ररी उतरवून घेते. अँड्रॉइडसाठी ‘मेव्हन सेंट्रल’ आणि गुगलचे स्वतःचे कोठार ही आज मुख्य ठिकाणे आहेत. मागितलेली लायब्ररी त्या पत्त्यावर मिळाली नाही की बिल्ड तिथेच थांबतो. शिवाय एक लायब्ररी दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर विसंबून असते. त्यामुळे ॲप बनवणाऱ्याने कधी नावही न ऐकलेली लायब्ररी गायब झाली तरी काम अडते.

जेसेंटरचे काय झाले?

अँड्रॉइडच्या जुन्या प्रकल्पांत ही त्रुटी येण्यामागे बहुधा ‘जेसेंटर’ हे नाव असते. जेफ्रॉग या कंपनीचे हे कोठार अनेक वर्षे अँड्रॉइड स्टुडिओमधील प्रत्येक नव्या प्रकल्पात आपोआप जोडले जात असे. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीने ‘बिनट्रे’ ही सेवा आणि तिच्यासोबत जेसेंटर बंद करण्याची घोषणा केली. बिनट्रे त्याच वर्षी १ मे रोजी थांबले. नंतर कंपनीने थोडी माघार घेतली आणि जेसेंटरमधील जुना साठा केवळ उतरवून घेण्यासाठी खुला ठेवला. त्यात नवी भर पडणे बंद झाले.

बिल्ड होत होते, म्हणून अनेकांनी प्रकल्पातील जेसेंटरची ओळ तशीच राहू दिली. १५ ऑगस्ट २०२४ पासून मात्र जेसेंटरकडे येणारी मागणी मेव्हन सेंट्रलकडे वळवली जाऊ लागली. ज्या लायब्ररी दोन्हीकडे होत्या, त्यांना धक्का लागला नाही. ज्या फक्त जेसेंटरमध्ये होत्या आणि ज्यांच्या लेखकांनी त्या दुसरीकडे हलवल्या नाहीत, त्यांचा पत्ताच उरला नाही.

मग फोनवरील ॲप कसे चालते?

एकदा बिल्ड झाला की सर्व लायब्ररींची प्रत ॲपच्या आत बंद होते. त्यामुळे कोठार बंद पडले तरी फोनवरील ॲपला काही होत नाही. दोष उघड होतो तो पुन्हा बिल्ड करण्याची वेळ येते तेव्हा, आणि ही वेळ टाळता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवे ॲप किंवा अपडेट द्यायचे तर ते अँड्रॉइड १५ला अनुसरून असावे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अशा ॲपना फोनच्या मेमरीची १६ केबी आकाराची ‘पेज’ हाताळता येणे बंधनकारक करण्यात आले. सी किंवा सी++ भाषेत लिहिलेल्या जुन्या लायब्ररी त्यासाठी नव्याने तयार कराव्या लागतात. लेखकाने काम सोडून दिले असेल तर ते कोण करणार, हा प्रश्न उरतो.

यात आणखी एक गोम आहे. उतरवलेली लायब्ररी ग्रेडल संगणकावरील ‘कॅशे’मध्ये जपून ठेवते. त्यामुळे मूळ कोठारातून ती नाहीशी झाली तरी जुन्या लॅपटॉपवर बिल्ड होत राहतो. कर्मचारी नोकरी सोडतो, लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला जातो आणि त्या लायब्ररीची कंपनीकडील एकमेव प्रत नष्ट होते. लॅपटॉप पुसला नाही तरी धोका टळत नाही. सुमारे ३० दिवस न वापरलेल्या उतरवलेल्या फाइल ग्रेडल सहसा स्वतःहून काढून टाकते. ‘माझ्या मशीनवर तर चालते’ या वाक्यामागे अनेकदा हीच कॅशे असते.

याआधी असे कधी घडले?

सर्वांत गाजलेले उदाहरण २२ मार्च २०१६चे. एका नावावरून झालेल्या वादातून अझर कोचुलू या प्रोग्रामरने ‘एनपीएम’ या जावास्क्रिप्टच्या कोठारातून आपल्या २५०हून अधिक लायब्ररी काढून घेतल्या. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ ही जेमतेम ११ ओळींची लायब्ररी होती. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा सोडणे एवढेच तिचे काम. पण बेबल, रिॲक्ट यांसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या साखळीत ती असल्याने जगभर बिल्ड कोसळू लागले. काही तासांतच एनपीएमने ती परत आणली आणि लायब्ररी काढून घेण्याचे नियम कडक केले.

मोबाइलच्या क्षेत्रातील उदाहरण ४ नोव्हेंबर २०२२चे. मेटा कंपनीच्या ‘रिॲक्ट नेटिव्ह’वर बनलेल्या अनेक जुन्या प्रकल्पांत लायब्ररीच्या आवृत्तीच्या जागी केवळ अधिकचे चिन्ह होते. ‘मिळेल ती सर्वांत नवी घ्या’ असा त्याचा अर्थ. त्या दिवशी एक चाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर आली. ग्रेडलने नेमकी तीच उचलली आणि प्रकल्पात एकही ओळ न बदलता अँड्रॉइडचे बिल्ड बंद पडले. जुन्या आवृत्त्यांसाठी तातडीने दुरुस्त्या द्याव्या लागल्या.

त्रुटी दुरुस्त कशी करावी?

पहिले काम संदेश पूर्ण वाचण्याचे. लायब्ररी कोणकोणत्या पत्त्यांवर शोधली, याची यादी ग्रेडल त्रुटीखालीच देते. योग्य कोठार त्या यादीत नसेल तर दोष प्रकल्पाच्या मांडणीत आहे. ४०१ किंवा ४०३ हा आकडा दिसला तर कोठार खासगी आहे आणि परवानगी किंवा पासवर्ड तपासायला हवा. ‘टाइमआउट’ असेल तर कार्यालयाचे नेटवर्क किंवा प्रॉक्सी पाहावी. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर ती वस्तूच नाही. अशा वेळी आधी नावातील आणि आवृत्तीतील चूक तपासावी.

दुसरे, ती लायब्ररी मागतो कोण, हे शोधावे. ग्रेडलची ‘डिपेन्डन्सीज’ ही आज्ञा संपूर्ण साखळी दाखवते. गायब झालेली लायब्ररी तिसऱ्याच लायब्ररीने ओढून आणली असेल, तर त्या तिसरीची नवी आवृत्ती घेतल्याने प्रश्न सुटू शकतो.

तिसरे, ती नव्या नावाने उपलब्ध आहे का, हे पाहावे. गुगलने २०१८मध्ये जुन्या ‘सपोर्ट लायब्ररी’ ‘अँड्रॉइडएक्स’ या नावाखाली आणल्या. कोठार बदलताना अनेक लेखकांनीही नाव बदलले. मूळ लेखकाच्या प्रकल्पाच्या पानावर बहुधा त्याची नोंद असते.

चौथे, कुठेच सापडली नाही आणि परवाना अनुमती देत असेल, तर मूळ कोड घेऊन लायब्ररी स्वतः तयार करावी आणि कंपनीच्या स्वतःच्या कोठारात ठेवावी. जुना लॅपटॉप हाती असेल तर तो पुसण्याआधी कॅशेची प्रत काढून घ्यावी. यातले काहीच शक्य नसेल तर पर्यायी लायब्ररी निवडणे आणि तेवढा भाग नव्याने लिहिणे, एवढाच मार्ग राहतो.

कधी बिल्ड व्यवस्थित होतो आणि ॲप उघडताच बंद पडते. याचे एक कारण म्हणजे ॲपचा आकार कमी करणाऱ्या साधनाने ‘बिनकामाचा’ समजून आवश्यक भाग छाटलेला असतो. दुसरे म्हणजे फोनच्या प्रोसेसरला लागणारी फाइल ॲपमध्ये गेलेलीच नसते. येथे कोठारे धुंडाळून उपयोग नाही. बनलेले ॲप उघडून आत काय आहे आणि काय नाही, हे तपासावे लागते.

मिळेल ती फाइल जोडली तर?

ग्राहकाने दिलेली तारीख डोक्यावर असते. अशा वेळी अनोळखी संकेतस्थळावरून त्याच नावाची फाइल उतरवून चिकटवण्याचा मोह होतो. बिल्ड होतो, पण त्या फाइलमध्ये नेमके काय आहे याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पैसे भरण्याचा पडदा असलेल्या ॲपमध्ये हा जुगार वापरकर्त्याच्या बँक खात्यावर खेळला जातो.

सोडून दिलेल्या लायब्ररींचा धोका वेगळा आहे. मेव्हनच्या पद्धतीत लायब्ररीचे नाव लेखकाच्या संकेतस्थळाच्या नावावरून ठरते. त्या नावाची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि स्वतःला लेखक म्हणवून नवी आवृत्ती चढवण्याचा प्रयत्न करू शकतो. ओव्हरसिक्युअर्ड या कंपनीने जानेवारी २०२४मध्ये हा धोका ‘मेव्हनगेट’ या नावाने मांडला. म्हणूनच आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहिणे, उतरलेल्या फाइलचा ठसा, म्हणजे चेकसम, तपासणे आणि कोणती लायब्ररी कोणत्या कोठारातून घ्यायची हे बांधून देणे या सवयी सुरक्षेच्याही आहेत.

आयफोनच्या ॲपचे काय?

तेथेही घड्याळ सुरू आहे. आयफोनच्या ॲपसाठी वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या ‘कोकोपॉड्स’चे मुख्य कोठार २ डिसेंबर २०२६ पासून केवळ वाचनापुरते खुले ठेवण्याचे त्याच्या चालकांनी जाहीर केले आहे. असलेल्या लायब्ररी मिळत राहतील, पण त्यांच्या नव्या आवृत्त्या तेथे येणार नाहीत. ॲपलच्या ‘स्विफ्ट पॅकेज मॅनेजर’कडे वळणे हा मुख्य पर्याय आहे. जेसेंटरची ओळ ‘चालतेय ना’ म्हणून ठेवणाऱ्यांचे काय झाले, हे पाहता शेवटच्या महिन्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

नियम काय सांगतात?

डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग४जे’ या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा ती आपल्या कोणकोणत्या प्रणालीत आहे, हेच जगभरातील अनेक संस्थांना सांगता येईना. तेव्हापासून सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी, म्हणजे ‘एसबॉम’, ठेवण्यावर भर वाढला. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४मध्ये अशा यादीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आणली. सेबीच्या ऑगस्ट २०२४च्या सायबर सुरक्षा चौकटीतही नियमनाखालील संस्थांच्या महत्त्वाच्या प्रणालींसाठी या यादीचा समावेश आहे.

पतसंस्था, क्लासेस, दवाखाने अशा ग्राहकांसाठी काम करणाऱ्या चार-पाच जणांच्या कंपनीला हा कागदी सोपस्कार वाटू शकतो. प्रत्यक्षात कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कुठून घेतली आणि लेखक अजून काम करतो का, हे चार रकाने भरले तरी पुढचे निम्मे रडगाणे टळते. महिन्यातून एकदा रिकाम्या कॅशेवर, कोऱ्या संगणकावर बिल्ड करून पाहिले तर गायब झालेली लायब्ररी मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, आधीच कळते.

ॲप बनवून घेणाऱ्यानेही करारात तीन गोष्टी मागायला हव्यात : संपूर्ण कोड, लायब्ररींची यादी आणि दुसऱ्या संगणकावर बिल्ड करून दाखवण्याची अट. वार्षिक देखभालीचे पैसे वाचवणाऱ्यांना नंतर संपूर्ण ॲप पुन्हा लिहिण्याचा खर्च सोसावा लागू शकतो.

सामान्य वापरकर्त्याला फरक काय?

बिल्ड अडला की सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. ॲप फोनवर नेहमीसारखे उघडते, त्यामुळे आत काही बिघडले आहे याचा सुगावा लागत नाही. प्ले स्टोअरवर ॲपच्या माहितीत शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. पैशांचे किंवा आरोग्याच्या नोंदींचे ॲप दोन-दोन वर्षे अपडेट झाले नसेल, तर त्या संस्थेला कारण विचारण्याचा हक्क वापरकर्त्याला आहे.