उंदराचं औषध आणि मधले फसवे दिवस



ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आपल्या एमवाय रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं पुढे दगावली आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. अशा बातमीनंतर घरात उंदीर दिसला की किळसेपेक्षा भीतीच जास्त वाटते, आणि आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘चूहामार’ घेऊन येतो. आज मला बोलायचं आहे ते त्या पुडीबद्दल.

उंदीर मोठा सावध प्राणी. नवं खाणं आधी जरासं चाखतो आणि पोट बिघडलं तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून बाजारातल्या पुष्कळशा वड्या अशा केलेल्या असतात की परिणाम काही दिवसांनी दिसावा. हा उशीर उंदराला फसवण्यासाठी, पण त्यात माणूसही फसतो. चुकून कुणाच्या पोटात औषध गेलं, दुसऱ्या दिवशी तो चहा पिऊन गप्पा मारू लागला, की घरचे म्हणतात, ‘चला, निभावलं!’ पण धोका तेव्हा टळलेला नसतो.

‘उंदराचं औषध’ हे नाव एकच असलं तरी आपल्याकडे त्यात मुख्यतः तीन वेगळी विषं येतात.

पहिलं, ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधांच्या रंगीत वड्या. यांनी रक्त गोठणं थांबतं. दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, अंगावर काळे-निळे डाग उठतात. यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के. मात्र हे विष यकृतात दीर्घकाळ टिकतं, म्हणून उपचार कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की रक्तस्राव परत सुरू होऊ शकतो. गंमत म्हणजे हृदयाची झडप बदललेल्या आजोबांना जी वॉरफरिनची गोळी देतात, ती याच घराण्यातली. १९४८ मध्ये ती अमेरिकेत आधी उंदीर मारायला विकायला आली, माणसांचं औषध झाली ती नंतर.

दुसरं, झिंक फॉस्फाइडची काळपट पूड. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि काही तासांतच हृदय, फुफ्फुसं, रक्तदाब यांच्यावर परिणाम दिसू शकतो. रोग्याच्या उलटीतूनही हा वायू निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तिसरं, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. आधी उलट्या, मग एक-दोन दिवस सगळं शांत, आणि त्यानंतर कावीळ होऊन यकृत निकामी होऊ लागतं. या दोन्हींवर थेट उतारा नाही. पण लवकर दाखल झालेल्या रोग्यासाठी डॉक्टरांना बरंच काही करता येतं. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात अशा रोग्यांवर प्लाझ्मा बदलण्याचे उपचार झाले आहेत.

मग घरात काय करायचं? मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. दूध-तूप तर मुळीच नाही, कारण फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो आणि अंगात जास्त भिनतो. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं, आणि पुडी, डबी, ट्यूब जे असेल ते सोबत न्यायचं. कोणतं विष हे कळलं तर योग्य उपचार लवकर सुरू होतो. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं. आणि डॉक्टर ‘दोन-चार दिवस ठेवू’ म्हणाले, तर रोगी हसत-बोलत असला तरी घरी नेण्याचा हट्ट धरू नका.

जुलै २०२२ मध्ये मुंबईत मालाडला एका तरुण स्त्रीने उंदरांसाठी विष लावून ठेवलेला टोमॅटो नजरचुकीने स्वतःच्याच नूडल्समध्ये चिरला. काही दिवसांनी ती गेली. म्हणून खाण्याच्या वस्तूला विष लावणं घरातून कायमचं बंद करा. पेस्टची ट्यूब लहान मुलाला टूथपेस्टसारखीच दिसते. त्यापेक्षा आजीच्या काळातला पिंजरा बरा. भिंतीतली भोकं बुजवा, रात्री ओटा कोरडा ठेवा.

एक नाजूक गोष्टही बोलायलाच हवी. रुग्णालयात येणाऱ्या अशा रोग्यांत रागाच्या किंवा निराशेच्या भरात विष घेतलेली तरुण मुलंही असतात. तो क्षण ओसरतो, जगावंसं वाटतं, पण तोवर विषाने आपलं काम सुरू केलेलं असतं. मुलांनो, मन फार जड झालं तर आई-बाबांशी, मावशीशी, मित्राशी, कुणाशीही बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, फुकट असतो आणि मराठीतही बोलता येतं. आणि पालकांनो, अशा प्रसंगातून मूल परत आलं तर ‘का केलंस?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी जवळ बसा.