घसरगुंडीखाली काय आहे?

मे महिन्यात दुपारी चार वाजता बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून पाहा. चटका बसतो. शेजारी झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबतात, पाट कधीच गेलेला. फाटकावरची उद्घाटनाची पाटी मात्र चकचकीत.

आपल्याकडे मैदानाचा दर्जा खेळण्यांच्या संख्येवर आणि खर्चावर ठरतो. मूल पडतं तेव्हा कशावर पडतं, हे कोणी विचारत नाही. घसरगुंडीच्या पायथ्याशी वाळूचा जाड थर हवा. आपण पेव्हर ब्लॉक बसवतो. झाडायला सोपे ना!

दुसऱ्या महायुद्धानंतर आम्सटरडॅममधल्या रिकाम्या कोपऱ्यांत वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी १९४७ पासून तीसेक वर्षांत ७००हून अधिक खेळाच्या जागा आखल्या. सामान किती? वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी. हत्ती नाही, जिराफ नाही. कमानीचा किल्ला करायचा की दुकान, हे मुलांनी ठरवायचं. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे पुरतात, हे आपल्याला ठाऊक होतंच की.

मुलांचा खेळण्याचा हक्क तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमातच आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली.

तो हक्क आपल्या बागेत किती उतरलाय, हे पाहायला या अंकासोबत वाचकांना एक काम. एका संध्याकाळी पाच ते सात जवळच्या बागेत बसा. सावली, पाणी, स्वच्छतागृह, दिवे पाहा. दहा वर्षांपुढच्या मुली किती दिसतात ते मोजा, आणि त्या किती वाजता घरी निघतात तेही. आकडे आम्हाला पत्राने कळवा.