समुद्र स्वच्छ झाला, पण मासळी?

जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्युशू या तीन बेटांनी वेढलेला सेतो समुद्र लहान-मोठ्या सातशेहून अधिक बेटांनी गजबजलेला आहे. त्याची सरासरी खोली अवघी ३८ मीटर. महासागराशी त्याचा संबंध काही अरुंद सामुद्रधुन्यांतूनच येतो. त्यामुळे किनाऱ्यावरून जे येते ते लवकर बाहेर जात नाही.

युद्धोत्तर काळात या किनाऱ्यावर कारखाने व शहरे वाढली. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर सूक्ष्म वनस्पती माजल्या आणि पाणी तांबडे होऊ लागले. १९७२ च्या उन्हाळ्यात हारिमा भागात अशाच तांबड्या लाटेने मत्स्यशेतीतील सुमारे १ कोटी ४० लाख हामाची मासे मेले. पुढच्याच वर्षी या समुद्रासाठी खास कायदा झाला. १९७८ मध्ये तो कायमस्वरूपी करण्यात आला. १९७६ मध्ये तांबड्या पाण्याच्या सुमारे तीनशे घटना नोंदल्या गेल्या होत्या. आता त्या एक तृतीयांशाच्या आसपास आल्या आहेत. हे यश खरोखरच मोठे आहे.

मात्र आज तेथील कोळी तक्रार करतात ती पाणी उपाशी असल्याची! ह्योगो प्रांतात हिवाळ्यात नोरी या समुद्रशेवाळाची शेती होते. पाण्यात नायट्रोजन पुरेसा नसला की काळीभोर नोरी पिवळट पडते आणि तिचा भाव कोसळतो. उरलासुरला नायट्रोजन सूक्ष्म वनस्पती आधीच फस्त करतात. इकानागो या इवल्याशा माशाचेही उत्पादन फार घटले. वसंतऋतूत घरोघरी सोया सॉस व साखरेत शिजवला जाणारा हा मासा आता महाग झाला आहे. वाढते तापमान आणि भरावाखाली गेलेल्या उथळ किनाऱ्यांचाही यात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. सारा दोष स्वच्छतेवर ढकलणे आम्हांस सोपे उत्तर वाटते.

तरीही २०२१ मध्ये कायदा बदलला. ठरावीक भागांत पोषक द्रव्यांचे प्रमाण राखण्याची योजना प्रांतांना आखता येऊ लागली. ह्योगोने २०२२ मध्ये तशी योजना केली. तेथे काही सांडपाणी केंद्रे हिवाळ्यात नायट्रोजन मुद्दाम कमी काढून टाकतात. म्हणजे घाण पाणी सोडतात असे नव्हे. प्रक्रिया होतेच, फक्त शेवटची मात्रा ऋतूनुसार बदलते. आपल्याकडे खाड्यांत प्रक्रियेविनाच सांडपाणी सोडले जाते, त्याला या उदाहरणाचा आधार मुळीच मिळत नाही.

शिवाय एकच मोजमाप साऱ्या समुद्राला लागू पडत नाही. ओसाका उपसागराच्या आतल्या टोकाला अजूनही पोषक द्रव्ये साचतात आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू घटतो, तर पश्चिमेला हारिमात त्यांचीच टंचाई. आवाजी बेटावर कोळी व शेतकऱ्यांनी मिळून एक जुनी रीत पुन्हा सुरू केली आहे. शेतीचा हंगाम संपल्यावर ते तलाव रिकामे करून तळाचा गाळ ढवळतात आणि ते गढूळ पाणी ओढ्यांवाटे समुद्रात सोडतात. तलावाची सफाई होते आणि कोळ्यांच्या पाण्याला थोडे खत मिळते.