चालत जाता येईल एवढे गाव

वयोवृद्धांना चालण्याचा सल्ला आपण सहज देतो. चालत जायचे कोठे, हे मात्र सांगत नाही. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे. औषधाचे दुकान दहा मिनिटांच्या वाटेवर असले, तर जाण्या-येण्यातच तेवढी हालचाल घडते.

यवतमाळ शहराची हद्द २०१६ मध्ये वाढली आणि वाघापूर, लोहारा, वडगाव, उमरसरा ही भोवतालची गावे नगरपरिषदेत आली. शहराच्या कडेला शेतांचे लेआऊट पडत गेले. घरे प्रशस्त झाली. परंतु दोन घरांमध्ये चार-चार भूखंड गाजरगवताने भरलेले राहिले. अशा विरळ वस्तीत किराणा दुकान तग धरीत नाही, कारण त्याला हाकेच्या अंतरावर पुरेशी गिऱ्हाइके लागतात. मग साध्या गोळीसाठीही आजोबांना मुलाची गाडी घरी येण्याची वाट पाहावी लागते. अवलंबित्व पुष्कळदा गुडघ्यांपासून नव्हे, अंतरापासून सुरू होते. जुन्या बाजारपेठांत खाली दुकान व वर बिऱ्हाड असे. ती रचना आपण मागासलेली समजून सोडून दिली, हे मला घाईचे वाटते.

तिचे तोटेही आहेत. पिठाच्या गिरणीची घरघर आणि दुकानापुढे लावलेल्या गाड्या कोणाला हव्यात? म्हणून सरसकट बाजार नको. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याची रुंदी पाहून निवासी भागातही दवाखाना व रोजच्या गरजेची दुकाने यांना वाव आहे. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तेथे कडुनिंबाची सावली आणि पाठ टेकता येईल असे बाक असले, तर विदर्भातील उन्हाळ्यातही सकाळचे चालणे सुटणार नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी सारेच घरपोच मागवू नये. दूध-भाजीचे निमित्त वडीलधाऱ्यांकडे राहू द्यावे. त्याआधी एकदा त्यांच्यासोबत ती वाट चालावी. फुटलेली फरशी, उघडी नाली, विसाव्यासाठी ओटा नसलेला लांब टप्पा, हे सारे कागदावर टिपावे. नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. तेव्हा हाच कागद अर्जाला जोडावा, आणि अर्जावर पहिली सही घरातील आजींची घ्यावी.